जीभ बाहेर आली की नाही

मी माशी बोलतेय. हाकलायला हात उचलू नका. माझ्या पाठीला मेण लावून मला काडीवर चिकटवलंय, उडून जाणार कुठे?

मी प्रयोगशाळेतल्या काचेच्या कपाटात जन्मले. तिथला दिवस मॅडमच्या बटणावर उगवतो. एकदा त्यांनी खोटा हिवाळा आणला; उजेड आखडला, गारठा वाढवला. आम्हा चाळीसजणींच्या पोटात अंडी धरेनात. भूकसुद्धा झोपी गेली.

गारठ्यात मेलेली आणि झोपलेली माशी सारखीच दिसते. म्हणून मॅडमनी परीक्षा घेतली. आम्हाला चव पायांनी कळते. पाय साखरपाण्याला टेकवायचे; जीभ बाहेर आली तर जिवंत, नाहीतर स्पिरिटच्या बाटलीत.

पण मदतनीस मावशींनी पाणी कालवलं ते नेहमीसारखं, जाग्या माश्यांना पुरेल एवढंच गोड. झोपलेल्या जिभेला ते कुठलं पुरायला! एकेक बहीण गुपचूप बुडाली.

"मॅडम, हिचा पाय हलतोय हो!"

"काहीतरीच काय मावशी! बाटली हलली असेल." मॅडमनी वहीत 'मृत' लिहिलं.

मी शेवटची. तोवर बशीतलं पाणी आटून दाट झालं होतं. माझी जीभ बाहेर आली, म्हणून वाचले. त्या बाटलीकडे बघायची मला अजून भीती वाटते.

मग उजेड वाढला, ऊब आली. मी जागी झाले आणि एक वेगळीच भूक लागली. साखर नकोशी झाली. झाकलेल्या डब्यातली कलेजी हवी, तीही आत्ता. मॅडमच्या बोटाला पट्टी आहे ना, तिच्याखालचं रक्त मला इथून कळतं. माझं मलाच कसंतरी होतं.

सकाळी मॅडम म्हणाल्या, "हिनं कलेजीच्या पाण्याला जीभ काढली, की अंडी धरली समजायचं. लगेच पोट चिरून बघू."

"आणि नाही काढली तर?"

"राहू दे मग आठवडाभर."

आठवडा मला खूप झाला. तेवढ्यात अंडी घालून मी मोकळी होईन. फक्त जीभ आत ठेवायची. एवढंही जमणार नाही का मला?

मावशी थेंब घेऊन आल्या. मावशी, जरा लांब धरा हो. तुमच्या पाया पडते, आज नको.

पाय टेकले. मी जीव खाऊन जीभ आवरली. खरंच आवरली. मग जिभेला हा ओलावा कसला?

"काढली हो मॅडम," मावशी हळूच म्हणाल्या.