सातशे अंशावरची पायरी

मित्रांनो, मी एक जुना काटा आहे, पण भाजीवाल्याचा नाही. माझ्यावर डास बसून उठला तरी त्याचे पाय किती ओले होते ते मी सांगतो. जन्मात कधी चुकलो नाही. नागपूरहून गोंदियाच्या कॉलेजात आणून मला टेबलावर ठेवलं, डोक्यावर पंखा सुरू केला, आणि मी रिकाम्या वाटीचं वजन शून्याच्याही खाली दाखवलं. प्रयोगशाळेचे लीलाधर सर म्हणाले, "नागपूरवाल्यांनी भंगार खपवलं आपल्याले." मग माझ्यावर टेबलक्लॉथ पडला, त्यावर चहाचे कप आले, आणि मी कितीतरी वर्षं कपांखाली काढली.

एक दिवस योगेश्वरी नावाच्या विद्यार्थिनीने कप उचलले, पंखा बंद केला आणि माझी अब्रू परत आली.

माझं काम सोपं आहे. माझ्या पोटात छोटी भट्टी, भट्टीत बाहुलीच्या भातुकलीतली वाटावी एवढी वाटी. वाटीत चिमूटभर काहीही टाका आणि भट्टी तापवत न्या. ते जळत जातं तसं हलकं होतं. कोणत्या अंशाला किती हलकं झालं, ते मी कागदावर जिन्यासारखं काढून देतो. पाणी उडालं की एक पायरी. भुसा जळला की मोठी पायरी. मग राख. जिना संपला.

योगेश्वरी जवळच्या मुर्री गावची. तिच्या घरामागे इंद्रकुमार सेठची राइस मिल. मिलमध्ये धान उकडतात, ते पाणी टाकीत साचतं आणि टाकीतला आंबलेला गाळ कुंपणाशी ढीग करून ठेवतात. त्या ढिगाने तिच्या भावाचं, लोकेंद्रचं, लग्न अडवलं होतं. मुलीकडचे घर पाहायला यायचे, अंगणात बसायचे, पोह्यांची प्लेट हातात घ्यायचे. मागून वारा सुटला की प्लेट खाली ठेवून गाडीत जाऊन बसायचे. निरोप यायचा, पोरगा चांगला आहे, हवा जमली नाही.

योगेश्वरी सेठकडे गेली. "काकाजी, बॉयलरमध्ये भुसा जाळता, त्याच्यासंगं हा गाळ काऊन नाई जाळत?"

"जला देंगे बेटा. पर कितना डालना, वो पक्का बताओ. बॉयलर बैठ गया तो मिल बैठ जाएगी."

म्हणून ती वाळलेला गाळ आणि धानाचा भुसा घेऊन माझ्याकडे आली. लोकेंद्रसाठी आमगावचे पाहुणे पुढच्या आठवड्यात घर पाहायला येणार होते. त्याआधी ढीग हलायला हवा होता.

मी जिना काढला. पण सातशे अंशाजवळ, जिथे फक्त राख उरायला हवी, तिथे आणखी एक पायरी निघाली.

सरांनी तोंडातला खर्रा गालात सरकवला. "हे काय होऊन राहिलं? पोरी, हे जगात कोणाले सापडलं नाई." आणि त्यांनी लगेच सेठला फोन लावला.

"सातशे पे क्या होता है, सर?"

"तेच तं शोधून राहिलो."

"तो मेरे बॉयलर में मत शोधो." सेठने फोन ठेवला.

योगेश्वरीने पुन्हा नमुना तापवला. पुन्हा पायरी. दर वेळी सर माझं झाकण उघडत, आत वाकत आणि काय चाललंय ते मन लावून समजावत. मग सर चिचगडला एका लग्नाला गेले. त्या दिवशी पायरी आली नाही. सर परतले, पायरी परतली.

योगेश्वरी सरांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"सर, थोडा खर्रा द्या ना."

"तू कायले खातेस?"

"मले नाई. काट्याले पाहिजे."

सुपारी, तंबाखू, चुना. नुसता खर्रा मी तापवला आणि पायरी नेमकी त्याच जागी काढून दिली. चुन्याची होती ती; सर बोलताना शिंतोडे वाटीत उडत होते.

सर कागद धरून उभे राहिले. "म्हणजे जगात कोणाले सापडलं नाई ते..."

"तुमच्या तोंडात होतं, सर."

सरांनी खर्रा सोडला नाही. माझ्याजवळ बोलणं सोडलं. आता त्यांना काही विचारायचं असलं की ते खिडकीबाहेर जाऊन विचारतात.

चार पाट्या भुशाला एक पाटी गाळ, असा हिशेब निघाला. सेठने भीतभीत जाळून पाहिला, बॉयलर बसला नाही, ढीग उतरला. आमगावचे पाहुणे आले, बसले, वारा सुटला तरी बसले. पोहे दुसऱ्यांदा मागून घेतले. लग्न ठरलं.

म्हणून मित्रांनो, जुन्या यंत्राची कदर करा. त्याला हारफुलं नकोत, भाषणं तर नकोतच. तोंड मिटा, हात पुसा आणि झाकण हळू लावा.

हे लोकेंद्रला कोणी सांगितलं नव्हतं. लग्नाची पहिली पत्रिका त्याने देवाआधी माझ्यासमोर आणून ठेवली. मला हळदकुंकू लावलं. नारळ फोडायला दगड शोधला, मिळाला नाही, म्हणून त्याने नारळ माझ्या झाकणावर आपटला.

नारळ फुटला नाही. झाकण फुटलं.