चुलीपलीकडची जागा

"बाबा, निदान बूट काढून ओसरीवर तरी या," इन-होने पुन्हा विनवलं.

त्याचे वडील, थाक म्हातारबा, अंगणातून हलले नाहीत. कौलारू घर खरोखरच देखणं होतं. मधोमध ऐसपैस मोकळी ओसरी, दोन्ही बाजूंना खोल्या.

"ही ओसरी कोणासाठी? वाऱ्यासाठी? जानेवारीत इथे बसलो, तर बापाला बरणीत भरून नेशील, मुळ्याच्या लोणच्यासारखा."

ओम माल-जा हसली. सरहद्दीजवळच्या सोक्चोच्या किनाऱ्यावर जुनी घरं विकण्यात तिचं आयुष्य गेलं होतं. साठी उलटली तरी पायऱ्या चढायला ती तरुणांच्या पुढे. छपरावर पत्रा चढवा, भिंतींना टाइल लावा, तिला फसवणं कठीण होतं. खोल्या एका रांगेत आणि मध्ये ओसरी मोकळी असली, की घर दक्षिणेच्या धर्तीचं, उन्हाळ्यातला वारा आत घेणारं. खोल्या पाठीला पाठ लावून बसल्या असल्या आणि गोठा स्वयंपाकघराला बिलगलेला असला, तर ते उत्तरेचं, थंडीशी झुंजणारं.

"बाबा बरोबर बोलतायत," ती इन-होला म्हणाली. "हे दक्षिणेकडचं घर. ते सरहद्दीपलीकडचे, उत्तरेच्या हामग्योंगचे ना?"

"हो. युद्धात बोटीत बसून आले, पोरसवदा होते. सरहद्द बंद, आता परत जाणं काही होत नाही. म्हटलं, सिनेमात असतं तसं छानसं घर तरी घेऊन द्यावं."

"सिनेमातला बर्फ कापसाचा असतो," म्हातारबा म्हणाले.

"एक घर आहे," माल-जा बोलून गेली, आणि तिचं तिलाच नवल वाटलं. ते घर तिने आजवर कुठल्याच गिऱ्हाइकाला दाखवलं नव्हतं.

डोंगराच्या पायथ्याशी गाडी थांबली. निळ्या पत्र्याचं ठेंगणं घर बघून इन-होचा चेहरा पडला. "हे?"

"पत्रा नंतरचा. तो कोपरा बघा." स्वयंपाकघराच्या टोकाला गोठा पुढे आलेला होता, घराने कोपर बाहेर काढावं तसा. "जनावर आणि माणूस एकाच उबेला. असं घर इकडचं माणूस बांधत नाही."

म्हातारबा आत शिरले. चूल ओलांडली आणि समोरच्या भिंतीवर काठी आपटली. पोकळ आवाज आला.

"ही इथे कशाला?"

"मागाहून घातलीय, प्लायवूडची. मुळात चूल आणि उबदार खोली यांच्यामध्ये भिंत नव्हती."

"तुला कोणी सांगितलं?"

"माझ्या आईने. तीही हामग्योंगची, बुकचोंग गावची."

म्हाताऱ्याने वळून तिच्याकडे नीट पाहिलं. "घर कोणाचं?"

"माझंच. काम थांबवलं की राहायला येणार होते."

"मग ही फळकुटं अजून उभी का ठेवलीस, पोरी?"

माल-जाने फळकुटांवरून बोट फिरवलं. शेकडो घरं तिने स्वतःच्या डोळ्यांनी ओळखली होती. हे एकच नुसतं ऐकून ओळखलेलं. निर्वासितांच्या झोपडीत आई रोज रात्री उत्तरेत मागे राहिलेल्या आपल्या घराचं वर्णन करायची. तसं घर इकडे सापडलं तेव्हा आई नव्हती. भिंत काढली आणि मागे आईने सांगितलं तसं काहीच नसलं, तर विचारणार कोणाला?

"पहार आहे का?" म्हातारबांनी विचारलं.

तिच्या गाडीत पहार कायम असायची. इन-होने कोट काढला. खिळे किंचाळले, फळ्या एकेक करून निघाल्या, धुळीने तिघांना खोकला आला. धूळ खाली बसली तेव्हा चुलीपासून पलीकडच्या भिंतीपर्यंत मातीचा ओटा सलग दिसला. मध्ये ना भिंत, ना दार.

म्हातारबा गुडघे टेकून त्यावर चढले. हाताने जमीन चाचपत चुलीकडे सरकले, तिथे बसले आणि हात लांब केला. तो बरोबर चुलीत बसवलेल्या जुन्या कढईवर पोचला.

"आजीची जागा ही," ते म्हणाले. "तिच्या पाठीला आम्ही पोरं. आणि बापमंडळी आतल्या खोलीत, रुबाबात गारठलेली." हसता हसता त्यांना ठसका लागला. मग मान खाली घालून ते बराच वेळ जमीन थोपटत राहिले. "तुझ्या आईने अगदी बरोबर सांगितलं होतं."

माल-जा पहारीला लागलेली माती पुसत राहिली.

"आम्ही दुसरं बघू, ताई," इन-हो हळूच म्हणाला. "हे तुमचं."

"दुसरं नाहीये. असतं तर मला ठाऊक असतं." तिचा आवाज नेहमीसारखा ठाम होता. "आणि मला अजून खूप वर्षं काम करायचंय. तुमच्या बाबांना वाट बघायला सवड नाही."

"मला आत्ताच पुरून टाक!" आतून म्हातारबा ओरडले. "पण इथेच!"

फेब्रुवारीत ती त्यांना भेटायला गेली, राळे घालून आंबवलेला मासा घेऊन. धुराड्यातून धूर निघत होता. अंगणात गुडघाभर बर्फ, त्यात झाडलेली एकच वाट. ती दर्शनी दाराशी गेली, पायरीवर बूट काढले आणि परक्याच्या घरी घालावी तशी हाक घातली.

"ते दार पाहुण्यांचं!" आतून म्हातारा खेकसला. "घरची माणसं चुलीकडून येतात, एवढं आईने नाही सांगितलं?"

माल-जाने वाकून बूट पुन्हा चढवले, आणि बर्फ तुडवत घराला वळसा घातला.