नळी काढल्यावर

“आज ही नळी काढायचीच,” म्हणत सिस्टरने हातमोजे चढवले.

वडिलांनी चादर छातीपर्यंत ओढून घेतली. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून लघवीची नळी तशीच होती. शाळेत पोरांना कवायत शिकवण्यात त्यांचा जन्म गेला होता. हॉस्पिटलच्या या खोलीत मात्र ते कुणाच्या नजरेला नजर देत नव्हते.

“राहू द्या ना अजून दोन दिवस,” मुलगा म्हणाला. सकाळपासून तो खिडकी ते दार येरझारा घालत होता. “उठबस नको, त्यांनाही बरं पडतं.”

“त्यांना की तुम्हाला?” सिस्टरने हसत विचारलं, मग ती गंभीर झाली. “मागच्या वेळी ते इथे होते तेव्हाचा ताप विसरलात? एकामागून एक औषधं दिली, जंतू कशालाच दाद देईनात. शेवटचं लागू पडलं म्हणून निभावलं. नळी आत म्हणजे जंतूंना दार सताड उघडं. पुन्हा शिरले, तर मग काय द्यायचं?”

नळी निघाली. भरपूर पाणी पाजा, लघवी लागली की वॉकर देऊन उठवा, गरज पडली तर बेल दाबा, असं बजावून ती गेली.

मुलाचं चष्म्याचं दुकान होतं. दिवसभर परक्या माणसांच्या कानांमागे काड्या बसवताना त्याचे हात कधी अडखळले नव्हते. वडिलांना शेवटचा हात कधी लावला होता, ते मात्र त्याला आठवेना. तो बाहेर आला आणि बहिणीला फोन लावला.

“ताई, तू येतेस का आज? मला नाही जमायचं गं.”

“काय नाही जमायचं? पाणी पाजायला?”

“बाथरूमला न्यायला.”

“अरे, मी नेलं तर बाबांना मेल्याहून मेल्यासारखं होईल,” ती म्हणाली. “तूच बघ.”

तो परतला तेव्हा पेला भरलेला तसाच होता. वडिलांचे ओठ कोरडे पडले होते.

“बाबा, पाणी.”

“तहान नाही.”

“घोटभर तरी घ्या. ताप उलटला म्हणजे?”

“उलटू दे.” ते भिंतीकडे वळले. “तुझ्या हातून हे असलं... नको रे.”

मुलगा स्टुलावर बसला. सकाळपासून पहिल्यांदाच बसला होता.

“मलाही नकोच वाटत होतं,” तो म्हणाला. “मघाशी ताईला बोलावत होतो.”

वडिलांनी मान वळवून त्याच्याकडे बघितलं.

“येतेय ती?”

“नाही. तिनं उडवून लावलं.”

वडिलांच्या नाकातून हसल्यासारखा आवाज आला. त्यांनी हात पुढे केला आणि पेला संपवला. दुसराही.

दुपार कलली. चादरीखाली वडिलांचे पाय चुळबुळू लागले. मुलाने वॉकर पुढे आणला. त्याचा हात बेलकडे गेला तशी वडिलांनी नको म्हणून मान हलवली. एका हाताने वॉकर, दुसऱ्याने मुलाचा खांदा धरून ते उठले. बाथरूमच्या दाराशी पोचले आणि तिथेच थांबले. मुलाच्या पावलावर कोमट ओल पसरली.

मुलाने त्यांना आत बसवलं, पाय धुतले, पुसले, कोरडा गाऊन चढवला. हात अडखळले, पण थांबले नाहीत.

खाटेवर टेकल्यावर वडिलांनी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले,

“पाणी दे. आणि पुढच्या वेळी जरा आधी उठव.”