मावशीला गेलेला निरोप

त्याच्या प्रोग्राममध्ये चूक शोधायला मुंगी शिरली तर तीही उपाशी बाहेर येते, असं तो स्वतःच सांगायचा. अशा या विद्वानाने घरच्यांसाठी लिहायचा प्रोग्राम केला. एकाच संगणकावर दोन खिडक्या, एक आईची, एक बायकोची. मजकूर साठवायला एक क्लास. क्लास म्हणजे साचा. त्यातून निघणाऱ्या प्रत्येक खिडकीला आपापलं पान मिळायला हवं. याने घाईत पान साच्यालाच चिकटवलं. खिडक्या दोन, पान एकच!

दुपारी आईने रुसलेल्या बहिणीला लिहिलं, "माझं चुकलं. तुझ्याशिवाय करमत नाही," आणि ती आडवी झाली. पाठवायचं काम संध्याकाळी मुलाचं. मग बायको बसली. तिच्या खिडकीत ही ओळ! सासू-सुनेत तेव्हा "मीठ दे" एवढंच बोलणं उरलं होतं. तिने डोळे पुसले, ओळ पुसली आणि प्लंबरला खरमरीत लिहिलं.

संध्याकाळी याने आईच्या खिडकीतलं बटण दाबलं. वाचलं कशाला? क्लास त्याचा होता ना!

मावशीचं उत्तर त्याच्या फोनवर आलं, "नाही ठेवत." तेव्हा कुठे त्याने पाठवलेलं उघडून पाहिलं: 'तुमचं काम कळलं. परत दारात पाऊल ठेवू नका.'

पान साच्यातून काढून खिडकीला द्यायला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही. घरात सांगायला मात्र जीभ रेटेना.

"काही आलं का रे तिचं?" आई रोज विचारायची.

"बघतो."

"सारखं काय बघतोस? डोळे आहेत की बटणं?"

आणि बायको सासूच्या उशाशी पाणी ठेवताना त्याला म्हणायची, "आई किती मोठ्या मनाच्या आहेत रे!"

शेवटी आईच म्हणाली, "मेली माझ्यावर कायमचीच रुसली वाटतं," आणि पदराने नाक पुसलं. तेव्हा त्याने दोघींसमोर सगळं सांगून टाकलं.

आईने फोन लावला. "अगं, ते प्लंबरला..." एवढ्यात पलीकडून फोन आपटला. मग ती सुनेकडे वळली. "ते तुला नव्हतं गं लिहिलं."

सून खाली बघत म्हणाली, "मला वाटलं, मलाच."

"तुला लिहायला माझा हात वळला नसता. खोटं कशाला बोलू?" आई सरकली, शेजारी जागा केली. "बस इथे. काय काय राहिलंय, ते तोंडानेच बोलू." मग मुलाकडे न बघता म्हणाली, "तू निघ. मावशीच्या दारात उभा राहा. ती हाकलेल. तरी उभा राहा."

तो निघाला. मावशीची गल्ली आली, दार आलं. बेलवर बोट ठेवून तो पहिलं वाक्य जुळवत राहिला. जे सुचेल त्यात क्लासचीच चूक निघत होती, त्याची नाही.

बोट दाबलं गेलं, बेल वाजली. आतून मावशीचा आवाज आला, "कोण आहे?"

"मी," तो म्हणाला आणि दारातच उभा राहिला.