सव्वीस अंशांचा कारभार

कंट्रोलरांची उभी हयात परीक्षा घेण्यात गेली. परीक्षा मंडळात ते नियंत्रक होते, म्हणून सगळी इमारत त्यांना कंट्रोलर म्हणायची, आणि ते निवृत्त झाल्यावरही हे नाव बदलावं असं कुणाला वाटलं नाही. घंटा झाल्यावर त्यांनी एकाही मुलाला वर्गात घेतलं नव्हतं, मग तो रडो, पाया पडो, की पाय मुरगळल्याचं डॉक्टरचं पत्र आणो. हे ते अभिमानाने सांगत, आणि ऐकणाऱ्याचा चेहरा का उतरतो हे त्यांना कधी कळलं नाही.

निवृत्तीनंतर पंचाईत झाली. हुकूम सोडायची सवय सुटेना आणि ऐकायला माणूस मिळेना. मुलगा आणि सून सकाळीच नोकरीला पळत. बायको सगळं ऐकून घ्यायची आणि करायची आपल्याच मनाचं. अशात उन्हाळा तापला. आईबाबांना दुपारचं घरात बसवत नाही हे बघून मुलाने त्यांच्या खोलीत एसी बसवून दिला.

बसवायला आलेल्या मेकॅनिकने रिमोटची बटणं दाखवली, चहा घेतला आणि तो गेला. कंट्रोलर माहितीपुस्तिका घेऊन बसले ते एकदम जेवायलाच उठले. पुस्तिकेत त्यांना शुद्धलेखनाच्या चुका सापडल्या, त्या त्यांनी लाल शाईने दुरुस्त केल्या. मग घराला नियम लागू झाले.

एसी सव्वीसवर राहील, सोबत पंखा अगदी हळू. ऊन खिडकीवर यायच्या आत पडदे ओढले जातील. आत यायचं तर पटकन यायचं, दार मागे लावायचं, आणि आपलं आत काय काम आहे ते बाहेरच ठरवून यायचं. गरम चहा, इस्त्री आणि ओले केस यांना खोलीत मज्जाव. सुनेने एकदा केस पुसत पुसत आत डोकावलं, तर हवेतला दमटपणा काढायला मशीनला किती कष्ट पडतात हे तिला उभ्याउभ्या ऐकावं लागलं आणि तिची बस चुकली. मुलाने एसीच्या सॉकेटवर स्वतःचाही चार्जर लावता यावा म्हणून एक मल्टिप्लग आणला होता. तो कंट्रोलरांनी कॉपीची चिठ्ठी पकडावी तसा पकडला आणि कपाटात कुलूपबंद केला. बाहेरच्या युनिटसमोर मोकळी जागा लागते म्हणून गॅलरीतल्या बायकोच्या कुंड्या कडेला, भर उन्हात गेल्या आणि तिथेच वाळल्या.

वाईट एवढंच होतं की यातलं प्रत्येक म्हणणं बरोबर होतं. सोळावर लावला म्हणून खोली झटपट गार होत नाही, फक्त वीज जास्त जाते, हे खरंच होतं. मेन स्विच बंद केल्याशिवाय फिल्टरला हात लावू नये, तो धुऊन पूर्ण वाळवूनच परत बसवावा, हेही खरंच होतं. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी मनातल्या मनात ते मान्य केलं असतं, पण कंट्रोलर जिन्यात गाठून सांगत, हातातली भाजीची पिशवी खाली ठेवू देत नसत, आणि शेवटी "काय समजलं, सांगा बघू" असं विचारत. मग लोकांनी लिफ्ट वापरायला सुरुवात केली.

महिन्याभराने विजेचं बिल आलं. शेजाऱ्यांच्या मानाने ते इतकं कमी होतं की कंट्रोलरांनी ते खिशात घेऊनच फेरफटका मारला. पण समाधान मानलं तर ते कंट्रोलर कसले. दाराखालून गार हवा निसटते हे त्यांना खुपायला लागलं. त्यांनी फोमच्या पट्ट्या आणल्या आणि दाराच्या चारही कडांना चिकटवल्या. खिडकीच्या फटींवर रुंद चिकटपट्टी मारली. न्हाणीघराच्या बाजूला वर एक झरोका होता, तो पुठ्ठा लावून बंद केला. आता दार लावलं की डबीचं झाकण बसावं तसा आवाज यायचा. तो आवाज ऐकायला कंट्रोलर दार उगाचच दोनदा लावत.

मुलाने भीत भीत विचारलं, "बाबा, आत हवा कुठून येणार?"

कंट्रोलर हसले. बाहेर जो डबा बसवलाय, त्यात पंखा कशाला दिलाय, असं त्यांनी उलट विचारलं. तो बाहेरची ताजी हवा ओढतो, गार करतो आणि नळीतून आत सोडतो. पुस्तिकेत असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. पण न लिहिलेल्या गोष्टी आपल्याला आपोआप कळतात अशी त्यांची खात्री होती.

बायकोने एक दोन दुपारी त्या खोलीत काढल्या. कूस बदलली तरी नवरा डोळे उघडून दाराकडे बघायचा. पाणी प्यायला उठली तर "आत येण्याआधीच प्यायली असतीस ना" असं म्हणायचा. तिसऱ्या दुपारी ती खालच्या मजल्यावर शिंपिणीकडे गेली ती संध्याकाळीच परतली. मग रोजच जायला लागली. तिथे ती बटणं लावून द्यायची, काजं करायची, आणि चार बायका जमल्या की पोट धरून हसायची.

"तिच्याकडे एसी कितीवर असतो?" कंट्रोलरांनी जेवताना विचारलं.

"अठरावर."

"दार तरी लावते का?"

"कसं लावणार? गिऱ्हाईक येतं-जातं. शिवाय इस्त्री चालू असते."

कंट्रोलरांचा घास हातातच राहिला. आपली बायको अठरा अंशांत, उघड्या दाराशी, तापलेल्या इस्त्रीशेजारी बसते आणि वर हसते, हे त्यांना परपुरुषाबरोबर फिरण्याहून भयंकर वाटलं. पण ती गेल्यामुळे खोलीतलं एक माणूस कमी झालं, माणसाच्या अंगाचीही उष्णता असते, तेव्हा मशीनवरचा भार हलका झाला, असा हिशेब त्यांनी मांडला. तो त्यांनी तिला ऐकवलासुद्धा. ती ताट उचलून आत गेली.

आता खोलीत ते एकटेच असत. दुपारभर दार बंद. संध्याकाळी बाहेर येत तेव्हा डोकं जड झालेलं असे, जांभयांवर जांभया येत. त्यांनी चष्म्याचा नंबर बदलून घेतला. डोकं तसंच जड राहिलं, तेव्हा चष्मेवाल्याला नंबर काढता येत नाही असं ठरवून दुसऱ्या दुकानातून पुन्हा बदलून घेतला. खोलीत एक कोंदट वासही येऊ लागला होता. कंट्रोलर म्हणत, तो नवीन मशीनचा वास आहे.

अशात त्यांच्या थोरल्या बहिणीचा फोन आला की आम्ही दोघं येतोय. या जगात कंट्रोलर फक्त या ताईंना घाबरत. लहानपणी ताईंनीच त्यांचा अभ्यास घेतला होता, आणि तो कसा घेतला हे कंट्रोलर कुणाला सांगत नसत. ताईंवर छाप पाडायची ही संधी होती. सुट्टीचा दिवस होता, सगळे घरी होते. जेवणं झाली तशी कंट्रोलरांनी ताई, त्यांचे यजमान, मुलगा, सून आणि बायको अशा सगळ्यांना खोलीत बसवलं. बायको निघाली होती खाली, पण ताईंसमोर तिला नाही म्हणता आलं नाही. दार लागलं. डबीचं झाकण बसलं.

सुरुवातीला बरं वाटलं. ताई म्हणाल्याही, की छान गार आहे रे. एवढं कौतुक पुरे होतं. कंट्रोलर खुर्चीत ताठ बसले आणि बोलायला लागले. एसीच्या इतिहासापासून सुरुवात करून ते स्वतःच्या बिलापर्यंत आले, आणि बिलापासून पुन्हा इतिहासाकडे वळले. बोलण्याच्या भरात उन्हं कलली. ताईंचे यजमान केव्हाच मान टाकून घोरत होते. सुनेने कपाळ दाबून धरलं होतं. मुलगा जांभया देऊन डोळ्यांतलं पाणी पुसत होता. मुलगा हेलावला आहे असा कंट्रोलरांनी अर्थ घेतला.

चहाची वेळ झाली तशा ताई उठल्या, आणि उठल्या तशाच भिंतीला धरून खाली बसल्या. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम. खोली फिरतेय, एवढंच त्या म्हणाल्या.

एकच धावपळ झाली. यजमान जागे होऊन आपण कुठे आहोत ते विचारू लागले. सून धावत वरच्या मजल्यावर गेली आणि तिथे राहणाऱ्या डॉक्टरीणबाईंना घेऊन आली. त्या दातांच्या डॉक्टर होत्या, पण सुट्टीच्या दिवशी इमारतीत हजर असलेल्या त्याच. दारातून आत पाऊल टाकताच त्यांनी नाक मुरडलं. ताईंकडे बघायच्या आधी त्या सरळ खिडकीशी गेल्या, चिकटपट्टी ओरबाडून काढली आणि खिडकीची दोन्ही दारं सताड उघडली. गरम वाऱ्याचा लोट आत आला.

"अहो डॉक्टर, गार हवा बाहेर जातेय," कंट्रोलर म्हणाले.

"जाऊ दे काका. तीच घालवायची आहे."

मग त्यांनी ताईंची नाडी पाहिली, त्यांना खिडकीशी बसवलं, पाणी दिलं. सहा माणसं किती वेळ आत होती हे विचारलं. दाराच्या पट्ट्या, झरोक्याचा पुठ्ठा बघितला. कंट्रोलरांनी बाहेरच्या डब्याची माहिती द्यायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनी मधेच तोडून सांगितलं की तो डबा आतली उष्णता बाहेर टाकतो, ताजी हवा आत आणत नाही. आत जी हवा आहे तीच मशीन फिरवत राहतं, आणि इतका वेळ सगळ्यांनी एकमेकांचाच श्वास घेतला. एकटं माणूस रोज असं कोंडून बसलं तरी डोकं दुखणारच. मधून मधून खिडकी उघडायची, बस्स.

ताईंच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग आला. डॉक्टरीणबाई गेल्या आणि कंट्रोलर लगेच म्हणाले, की या शेवटी दातांच्या डॉक्टर आहेत, यांचं किती मनावर घ्यायचं.

"खिडकी उघडायला कुठला डॉक्टर लागतो रे?" ताई म्हणाल्या. आवाज अजून बारीक होता, पण कंट्रोलर उभे राहिले. "बापरे, तू सगळ्यांना बरणीत घालून वर झाकण लावलंस. आणि बिल कमी आलं म्हणून नाचतोयस. तो रिमोट आधी हिच्या हातात दे."

मुलाने तोवर दाराच्या पट्ट्या सोलायला घेतल्या होत्या. कंट्रोलरांनी खिशातून रिमोट काढला. तो देताना निवृत्तीच्या दिवशी कार्यालयाच्या किल्ल्या दिल्या होत्या तेव्हाही झाला नसेल एवढा त्यांचा चेहरा लहान झाला. बायकोने हात पुढे केला नाही.

"मला नको," ती म्हणाली. "मला खालीच बरं वाटतं."

तिने हे रागाने म्हटलं असतं तर कंट्रोलरांना उत्तर देता आलं असतं. ती साधंच बोलली, आणि चहा टाकायला निघून गेली.

ताई आणि यजमान दोन दिवस राहून परत गेले. कंट्रोलर थोडे दिवस जिन्यात दिसले नाहीत. जिना पुन्हा वापरात आला. पण एका सकाळी ते तळमजल्यावर उभे दिसले, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला वायुविजन या विषयावर सांगू लागले. बंद खोलीत एसी लावून बसणं किती घातक आहे, लोक कसे अडाणीपणाने फटी बुजवतात, हे सगळं आपण प्रत्यक्ष प्रयोग करून पाहिलं आहे, असं ते म्हणत. प्रयोग कुणावर केला हे सांगत नसत. डॉक्टरीणबाईंनाही त्यांनी गाठून खिडकी कशी उघडावी ते समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. दवाखान्यात त्यांच्यासमोर बसलेल्याला तोंड उघडून गप्प बसावं लागतं, याची त्यांना त्या वेळी आठवण झाली असावी.

कंट्रोलरांचं डोकं दुखायचं थांबलं. दुपारी मात्र खोली ओकीबोकी वाटायची. सकाळ-संध्याकाळ खिडकी उघडून, मग लावून, पडदे ओढून, सगळं अगदी रीतसर करून कंट्रोलर पलंगावर पडत आणि खालून हसण्याचा आवाज येतो का ते ऐकत. शेवटी एका दुपारी बायको चपला घालत असताना ते दारात येऊन उभे राहिले.

"चोवीसवर लावतो," ते म्हणाले. "बसतेस का आज इथे?"

तिने त्यांच्याकडे बघितलं. मग चपला काढल्या, शिंपिणीकडची सदऱ्यांची आणि बटणांची पिशवी घेतली आणि आत येऊन बसली. दार तिने नुसतं लोटलं. ते अर्धवट उघडंच राहिलं. कंट्रोलर पलंगाच्या काठावर बसले आणि छताकडे पाहू लागले. एक सदरा होईपर्यंत त्यांनी दम धरला. दुसऱ्या सदऱ्याच्या तिसऱ्या बटणाला त्यांनी घसा खाकरला आणि सव्वीस आणि चोवीस यांत विजेचा किती फरक पडतो, हे केवळ माहितीसाठी सांगायला सुरुवात केली. बायकोने दोरा तोडला, सदरे गोळा केले आणि ती खाली गेली.

तेव्हापासून असंच चाललं आहे. ज्या दिवशी कंट्रोलरांना गप्प राहणं जमतं, त्या दिवशी ती दुपारभर वर असते. असे दिवस फार येत नाहीत. पण आले की दुपारी त्या घरात डोकावणाऱ्याला खोलीचं दार उघडं दिसतं, आत एसी चालू असतो, आणि कंट्रोलर ओठ घट्ट मिटून सुईत दोरा ओवून देत असतात.