वरातीतली घोडी

सदर भागातल्या मैदानावर आज चौथा रविवार, आणि घोडी काही केल्या दहा पावलांपुढे जाईना. विनताच्या जिवाला नुसता घोर लागला होता. तिचा सहा वर्षांचा श्रीरंग वर बसलेला. त्याचे पाय जन्मापासून कडक, कंबर लाकडासारखी. घोडी चालत राहिली, तर तिच्या चालीनं कंबर सैल पडेल, असं व्यायामाच्या लतिकाताई म्हणायच्या. एका बाजूनं त्या त्याला धरायच्या, दुसऱ्या बाजूनं विनता. पण बाईसाहेब चालतील तेव्हा ना!

"काहून थांबून राहिली ही सारखी?" विनता तडकली. "आमच्याच वाट्याला आली का ही नखरेल?"

लगाम धरलेला नथ्थू ओशाळला. "दीदी, बुरा मत मानना. इसने बारह साल बारातें की हैं. दूल्हे के पास साड़ीवाली आई, तो समझती है दूल्हे की बहन रस्म की चने की दाल खिलाएगी. बस, खड़ी हो जाती है."

लतिकाताई खो खो हसल्या. त्या पँटीत होत्या, त्यांना घोडी खिजगणतीतही धरत नव्हती.

"मग पुढच्या रविवारी मी सलवार घालून येते."

"कपड्यांचं राहू द्या, विनताताई. तुम्ही त्याला इतकं आवळून धरता, की घोडी चालली तरी त्याची कंबर हलणार कशी? मी आहे, नथ्थूभैया आहेत. जरा सोडून तर पाहा."

सोडून पाहा म्हणे! जन्मल्यापासून विनतानं त्याला एकट्याला पायरीसुद्धा चढू दिली नव्हती. तरी छातीवर दगड ठेवून ती कुंपणाशी जाऊन उभी राहिली.

आणि घोडी चालली. दहा पावलं, वीस, अख्खी फेरी! श्रीरंगची कंबर डुलत होती, हेल्मेटखालचं तोंड उघडंच राहिलं होतं. विनताचा जीव मात्र मुठीत.

दुसऱ्या फेरीत घोडी कुंपणाजवळ आली, तिला साडी दिसली, आणि गपकन थांबली. श्रीरंगनं आईकडे पाहिलं. घाबरलं ग बाई लेकरू! विनता दोन्ही हात पसरून धावली.

त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. एकेक शब्द ओढत, जड जिभेनं तो ओरडला, "आई, तू जाय ना तिकडं! घोडी थांबते!"

विनता जागच्या जागी थबकली. मग पदराचा बोळा तोंडात कोंबून जी पळाली, ती थेट उभ्या ऑटोमागे जाऊन लपली. तिथं ती हसत हसत पोटभर रडली. पोरानं आज पहिल्यांदा तिला हाकलून लावलं होतं.