हरकत पाचच्या आत

तीस वर्षं मी छापखान्यात प्रुफं तपासली. दुसऱ्याच्या चुका पकडणं हा माझा धंदा, आणि खरं सांगायचं तर स्वभावही तोच. छापखान्यात माझ्या पाठीमागे मला 'दुरुस्त्या' म्हणायचे. मला ते कळायचं आणि मनातून आवडायचं. अजूनही कुणाचं पत्र आलं, की मी आधी ऱ्हस्व-दीर्घ बघतो आणि मग मजकूर.

त्यामुळे घरपट्टीच्या फेरआकारणीची नोटीस आली तेव्हा मी ती तीनदा वाचली. आईवडिलांचं घर माझ्या आणि ताईच्या नावावर आहे. तिथं राहते ती एकटी. मी राहतो बसनं दोन तासांवर. नोटिशीत लिहिलं होतं, तळमजला, खोल्या दोन, निवासी. आणि त्याच्याखाली, गाळा एक, बिगरनिवासी.

गाळा म्हणजे दुकानाची जागा. माझ्या बापाच्या घरात दुकान थाटलं गेलं आणि मला पत्ताच नाही! माझं पित्त खवळलं. मी तिथल्या तिथं ताईला फोन लावला.

"गाळा कुणाला दिलास?"

"कुठला गाळा रे?"

"सोंग करू नकोस, ताई. सरकारी कागद आहे माझ्या हातात."

"अरे, मग येऊन बघ की घर."

"घर काय बघायचंय? कागद बघितलाय मी."

मग बोलू नये ते बोललो. म्हणालो, अशीच लपवाछपवी करायची असेल तर घर विकून टाकू आणि दोघंही मोकळे होऊ. ती म्हणाली, "सतरा तारखेला कर कार्यालयात ये. हरकत द्यायचा शेवटचा दिवस आहे, पाचच्या आत. दोघांच्याही सह्या लागतात." एवढं बोलून तिनं फोन ठेवला. माझा फोन असा मध्येच ठेवायची तिची ही पहिलीच वेळ.

सतराला मी कार्यालयात पोचलो तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. ताई भिंतीकडेच्या बाकावर बसली होती. मांडीवर पिशवी, पिशवीत कोरे कागद आणि एक पेन. ती वाळल्यासारखी दिसली. मी तिच्या शेजारी बसलो नाही.

"सही देतोस ना?" तिनं विचारलं.

"आधी मूळ कागद बघणार. मग ठरवीन."

"उशीर होईल, धाकट्या."

"होऊ दे."

उशीर झाला तर काय होणार हे मला चांगलं ठाऊक होतं. पाचच्या आत हरकत गेली नाही, की नोंद कायम होणार आणि पट्टी दुकानाच्या दरानं लागणार. तेवढी ताईच्या पेन्शनीला झेपणारी नव्हती. घर सोडण्यावाचून तिला गत्यंतर उरलं नसतं. पण माझ्या डोक्यात एकच होतं. गाळ्याची नोंद तिनंच करून दिली असणार. तो कागद शोधायचा आणि तिच्यासमोर धरायचा.

रेकॉर्डच्या खिडकीत एक बाई बसल्या होत्या. चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. मी जुन्या पावतीवरचा घर क्रमांक पुढे केला.

"हा जुना नंबर झाला," त्या म्हणाल्या. "चार वर्षांपूर्वी सगळ्या घरांचे नंबर बदलले. नवा सांगा. दारावर पत्रा ठोकलेला असतो ना, त्यावरचा."

त्या दारात मी सहा वर्षांत उभा राहिलो नव्हतो. आली का पंचाईत! मान वळवून विचारावंच लागलं.

"ताई, दारावरचा नंबर काय?"

तिनं वर न बघता आकडे सांगितले. मग म्हणाली, "उजव्या चौकटीवर आहे. आलास की दिसेल."

बाईंनी नोंदीचा उतारा छापून आणला आणि रकान्यावर पेन्सिल टेकवली. "हा बांधकामाचा रकाना. हा शेजारचा वापराचा. वापराचं आम्ही हातानं भरत नाही. इथं गाळा पडला की संगणक आपोआप बिगरनिवासी टाकतो."

"पण कुणी घरी येऊन पाहणी केली असेल ना?"

"एवढी माणसं कुठून आणायची, काका? मालकांच्या जुन्या अर्जांवरून भरलंय सगळं."

"म्हणजे अर्जातच गाळा लिहिला असणार."

"अर्जात असेल तेच चढतं."

मी ताईकडे वळून बघितलं. बघितलं कसलं, चांगलं रोखून बघितलं. मनात म्हटलं, आता कुठे जाशील? "मूळ अर्ज काढा," मी बाईंना म्हणालो.

बाई आत गेल्या. शिडी सरकवल्याचा आवाज आला. मग गठ्ठा आपटल्याचा, मग नुसतंच खोकणं. भिंतीवरचं घड्याळ चार पंचवीस दाखवत होतं, मग चार बत्तीस. ताई उठून माझ्याजवळ आली.

"अठ्ठावीस मिनिटं राहिलीत. अर्ज मागाहून बघ. आधी सही दे."

"सही म्हणजे खेळ वाटला का तुला? वाचल्याशिवाय मी आजवर कशावरही सही केलेली नाही."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "धाकट्या, मी त्या घराबाहेर कुठं जाऊ रे या वयात?"

मी खिडकीकडे तोंड फिरवलं. त्याची मला आजही लाज वाटते.

पावणेपाचला पाच कमी असताना बाई आल्या. कोपरापर्यंत धूळ. पिवळा पडलेला अर्ज त्यांनी खिडकीत ठेवला आणि मजकूर वाचण्याआधीच मला अक्षर दिसलं. अक्षर ताईचं नव्हतंच. अक्षर माझं होतं.

आई गेल्यावर घर आमच्या नावावर करताना हा अर्ज भरला होता. खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून, घाईघाईत, कारण मला परतीची बस गाठायची होती. मी ओळ वाचली. तळमजला, खोल्या २. वर, माळा १.

"माळाच आहे की हा!" मी जवळजवळ ओरडलो. "आमच्या घराला माळा आहे. पुढच्या खोलीवर."

"माळा कुठाय?" बाईंनी ओळीवर बोट ठेवलं. "हे बघा. गाळा."

मग मी बघितलं, छापखान्यात बघायचो तसं, अर्थ बाजूला ठेवून नुसतं अक्षर. डावीकडे गाठ होती, उजवीकडे काना होता. दोन्हींना जोडणारी आडवी रेघ मी दिलीच नव्हती. ती रेघ असती तर 'म'. नव्हती, म्हणून 'ग'. ज्यानं कुणी हे संगणकात चढवलं, त्याचं काडीइतकंही चुकलं नव्हतं.

खाली दोन सह्या होत्या. माझी ऐसपैस, ताईची कोपऱ्यात अंग चोरून. तो दिवस लख्ख आठवला. मी तिला म्हणालो होतो, "वाच तरी आधी." आणि ती म्हणाली होती, "तू लिहिलंयस ना? मग वाचायचं काय?"

"कुणाच्या हातचं आहे हे?" बाईंनी विचारलं.

खोटं कशाला बोलू, हात झटकायचा मोह झाला. म्हणता आलं असतं की कुणाकडून तरी भरून घेतला होता. ताई माझ्या मागेच उभी होती.

"माझ्या हातचं," मी म्हणालो. मग वळलो. "ताई, गाळा मीच काढला. हा बघ. माझाच 'म'."

तिनं अर्ज हातात घेतला आणि खूप वेळ बघितला. वाटलं, आता माझी चांगली खरडपट्टी निघणार. निघाली असती तर बरं झालं असतं. तिनं अर्ज परत खिडकीत ठेवला आणि पिशवीतून कोरा कागद काढला.

"दहा मिनिटं आहेत. लिही."

मी पेन घेतलं. 'प्रति' लिहिलं आणि पुढचं अक्षर नुसता फराटाच झालं. दुसरा कागद घेतला, तोही वाया गेला. तिकडे हरकती स्वीकारणाऱ्या साहेबांच्या टेबलावर शिपाई शिक्के गोळा करायला लागला होता.

"तू लिही, ताई," मी म्हणालो. "मला जमत नाहीये."

ती बाकावर बसली आणि पिशवी मांडीवर ठेवून लिहू लागली. शाळेतल्या मुलीसारखी, एकेक अक्षर जपून. घड्याळात पाचला तीन कमी. मी साहेबांच्या टेबलाशी जाऊन शिपायाला म्हणालो, "एकच शिक्का बाहेर राहू द्या हो, पाया पडतो." उभ्या आयुष्यात मी कुणापुढे अशी गयावया केली नव्हती.

ताई आली आणि कागद माझ्यापुढे धरला. मी सरळ सहीच्या जागेवर पेन टेकवलं.

"वाच आधी," ती म्हणाली.

"तू लिहिलंयस ना? मग वाचायचं काय?"

तिला हसू आलं नाही. "नाही. वाच. आणि मोठ्यानं वाच."

मी साहेबांसमोर उभं राहून वाचायला लागलो. "वरील घरात गाळा नाही. कधीच नव्हता. माळा आहे." 'माळा' मधली आडवी रेघ तिनं दोनदा गिरवली होती. "माळ्यावर माझ्या भावाची शाळेची ट्रंक आहे. पुस्तकं आत जशीच्या तशी आहेत. दर महिन्याला मी ती..." पुढचा शब्द 'पुसते' होता. तो मला वाचता आला नाही.

साहेब घड्याळाकडे बघत म्हणाले, "शेवटचं ते हरकतीत लागत नाही, ताई. खोडलं तरी चालेल."

"राहू द्या," ती म्हणाली.

ताईच्या अर्जात ऱ्हस्व-दीर्घाच्या चार चुका होत्या. मी पेन टेकवलं आणि फक्त सही केली.